सुखाचे चालणे आणि गरजेचे चालणे

एकच क्रिया दोन माणसे दोन निरनिराळ्या कारणांनी करू लागली म्हणजे ती क्रिया खरोखर एकच राहते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. दरिद्री मनुष्यास उपवास घडतो आणि व्रतस्थ मनुष्य उपवास करतो. दोघांच्याही पोटात अन्न नसते, एवढेच काय ते त्या दोघांत साम्य. ‘घडणे’ आणि ‘करणे’ या दोन क्रियापदांत आपल्या भाषेने हा भेद नेमका टिपून ठेवला आहे. चालण्याचीही गोष्ट अशीच आहे. शेतावर, बाजारास, पाण्यास, देवास मनुष्य जातो, तेव्हा तो चालत असतो; कोठेच जावयाचे नसताना तो निघतो, तेव्हा तो फिरत असतो. सुशिक्षित घरांत ‘फिरायला जाणे’ हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही विशेष आहे असे कोणास वाटत नाही. परंतु जेथून निघालो तेथेच परत यावयाचे, वाटेत काही आणावयाचे नाही आणि काही पोचवावयाचे नाही, अशा या व्यवहाराकडे तटस्थपणे पाहिले असता त्यातील चमत्कारिकता ध्यानात येते.

या निर्हेतुक चालण्यास पाश्चात्य लेखकांनी मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. रूसोने आयुष्याच्या अखेरीस आपल्या एकाकी भ्रमंतीतील चिंतने लिहिली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर 1782 साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील थोरो याचा चालण्यावरील निबंधही त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, 1862 साली, छापला गेला. या दोघांचे वाचन करून आमच्या महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांनी निसर्गाशी एकांत साधण्याचे धडे गिरवले. तथापि आपण ज्या वाटेने सुखासाठी चालत आहो, त्याच वाटेने, त्याच घटकेस, दुसरा मनुष्य निरुपायाने चालत असेल तर आपल्या सुखाचे काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या विवेचनाच्या मध्यभागी आणला नाही. तो आपल्या देशात तरी टाळता येण्याजोगा नाही. कारण येथे अशी निर्जन वाट मिळणे कठीण, की जीवर आपल्यापूर्वी कोणाची गरज चालून गेलेली नाही.

मला हा प्रश्न एका विशिष्ट वाटेने सुचवला, म्हणून त्या वाटेचा थोडा परिचय करून देणे प्राप्त आहे. इतवारी ही नागपूरची जुनी व्यापारी पेठ. इतवार म्हणजे रविवार; बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी या येथील इतर वस्त्यांप्रमाणेच हिचे नावही वारावरून पडलेले आहे. धान्य, किराणा, कापड आणि सराफी यांनी गजबजलेल्या या भागाच्या नावाचे जे रेल्वेस्थानक आहे, आणि ज्याच्या नावाआधी आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव जोडलेले आहे, तेथून एक लहानशी गाडी कुही, उमरेड, भिवापूर या गावांवरून नागभीडपर्यंत जात असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. हा नॅरोगेज मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने 1908च्या सुमारास घातला. त्याची लांबी शंभर किलोमीटरांहून काहीशी अधिक होती. गाडी संथ होती, डबे लहान होते, आणि भाडे एस. टी.च्या मानाने बरेच कमी होते. भाजीच्या टोपल्या, दुधाचे डबे, महाविद्यालयात निघालेली मुले, शहरातील इस्पितळात नेलेले रोगी असा सारा संसार तीतून इतवारीस उतरे. छिंदवाड्याकडे जाणारी तिची बहीण 2015 साली बंद झाली आणि ही 2019च्या नोव्हेंबरात, दोन्ही रुंदीकरणासाठी. त्या जातीची एंजिने आता नागपुरातच मोतीबाग येथे, 2002 साली उघडलेल्या संग्रहालयात उभी आहेत.

गाडी बंद होऊन दोन महिने होण्याच्या आत, 2020च्या जानेवारीत, आम्ही घरची मंडळी कुही आणि उमरेड यांच्या दरम्यान या मार्गाच्या कडेने चारपाच किलोमीटर चाललो. पत्नी, मुलगी, धाकट्या भावाचा मुलगा आणि मोत्या नावाचा आमचा गावठी कुत्रा असा परिवार होता. रूळ अद्याप जागेवरच होते, पण चाकांच्या घर्षणाने येणारी त्यांची चकाकी जाऊन त्यांवर तांबूस गंज चढू लागला होता. रुळांच्या भरावास लागून एक पायवाट जाते. लोहमार्ग घालण्यापूर्वी मोजणी होते, नकाशे होतात, जमिनी संपादन केल्या जातात. त्या पायवाटेसाठी यांपैकी काहीच झालेले नसते. ती आसपासच्या गावांतील माणसांनी वर्षानुवर्षे आपल्या पायांनी पाडलेली असते, आणि आपल्या व्यवहारात ज्या हक्कास ‘वहिवाट’ म्हणतात त्या शब्दातही वाटच आहे. तुरी कापणीस आल्या होत्या, गहू हिरवा होता, आणि एका खळ्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. मुले दगडी मोऱ्या मोजीत होती. मोत्या पुढे धावे, मागे येऊन सर्वजण आहेत की नाहीत याची खात्री करून घेई आणि पुन्हा पुढे धावे. आमच्या पाच किलोमीटरांची त्याने दहा केली असावीत. एवढी शांतता नागपूरच्या इतक्या जवळ मिळेल असे वाटले नव्हते.

अर्ध्या वाटेवर साठीच्या पलीकडची एक बाई डोक्यावर लहानसे गाठोडे घेऊन मागून आली. तिची चाल आमच्याहून झपाट्याची होती. आम्हांस गाठल्यावर ती क्षणभर थांबली आणि तिने विचारले, “गाडी बंद झाली म्हणून पायदल चाल्ले का जी?”

पत्नी म्हणाली, “नाही आजी, सहज फिरायला आलो आहोत.”

“फिराले?” असे म्हणून तिने मुलांकडे आणि कुत्र्याकडे पाहिले. मग म्हणाली, “बरं हाय. आमाले तं कामाले जानं लागते. म्होरं मोहाचं झाड हाय, तेथं सावली हाय. लेकरायले बसवा थोडं.”

ती मिरचीच्या सातऱ्यावर निघाली होती. आपल्याकडील वाचकांपैकी ज्यांस हा शब्द परका असेल त्यांच्यासाठी सांगतो, की जेथे मजूर, आणि त्यांत बहुतकरून बायका, रोजाने बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ तोडतात त्या जागेस कुही-भिवापूर भागात सातरा म्हणतात. सकाळची गाडी होती तोवर ती एक स्थानक गाडीने जाई. मोटारीचा रस्ता तिच्या गावापासून आडवाटेला होता. एवढे सांगून ती पुढे निघाली. मोत्या तिच्याबरोबर वळणापर्यंत गेला आणि मग परत आला.

या बाईच्या प्रश्नात तक्रार नव्हती, उपरोध नव्हता. त्या वाटेने चालण्याचे जे एक कारण तिला ठाऊक होते, तेच तिने आमच्या ठिकाणी कल्पिले; म्हणजे तिने आम्हांस आपल्या पंक्तीस बसवले. पत्नीच्या खऱ्या उत्तराने ती पंक्ती मोडली. आम्ही मोटारीने तेथवर आलो होतो, ते चालण्यासाठी. ती चालत होती, कारण तिच्यासाठी वाहन उरले नव्हते. या प्रसंगातून जो नैतिक प्रश्न निघतो त्याची दोन उत्तरे सहज सुचतात, आणि दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर विरक्ताचे. तो म्हणेल, जेथे दुसऱ्यास कष्ट पडतात तेथे जाऊन मौज करणे हेच मुळी अनुचित. अशा ठिकाणी सुखासाठी पाऊल टाकू नये. या उत्तरात संवेदनशीलता आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु आम्ही घरी बसून राहिल्याने त्या बाईची वाट एका पावलानेही कमी झाली नसती. शिवाय हा नियम सर्वत्र लागू करावयाचे ठरवल्यास आपल्या देशात कोणासही कोठेही सुखाने श्वास घेता येणार नाही. नदीकाठी कोणी धुणी धूत असते, डोंगरावर कोणी मोळी वाहत असते. आणि विशेष असे की, जिच्या वतीने विरक्त हा निषेध करतो तिने स्वतः तो केलेला नाही. तिने आम्हांस सावलीचे झाड दाखवले. तिचे औदार्य नाकारून आपण होऊन अपराधी होणे, हा तिच्यापेक्षा अधिक नीतिमान ठरण्याचा प्रयत्न होय.

दुसरे उत्तर व्यवहारी मनुष्याचे. तो म्हणेल, माझ्या सुखाने तिचे काही घेतले नाही; तिचे चालणे तिचे, माझे चालणे माझे; दोहोंचा संबंध काय? हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो. रोमन कवी लुक्रेशियस याने आपल्या तत्त्वकाव्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी किनाऱ्यावर सुरक्षित उभा असलेला आणि समुद्रातील दुसऱ्याची धडपड पाहणारा मनुष्य वर्णिला आहे. त्यास जे बरे वाटते ते दुसऱ्याच्या दुःखामुळे नव्हे, तर आपण त्यातून मुक्त आहो या जाणिवेमुळे, असे त्या कवीचे म्हणणे. व्यवहारी मनुष्य याच किनाऱ्यावर उभा असतो. परंतु आमची स्थिती तशी होती काय? ज्या शांततेने आम्ही संतुष्ट झालो ती शांतता कोठून आली, हे विचारले म्हणजे त्याचा हिशेब चुकतो. गाडी येत नव्हती म्हणून ती शांतता होती. मुलांस मोऱ्या मोजीत, कुत्र्यास मोकळे सोडीत जाता आले, ते गाडी येत नव्हती म्हणून. त्या बाईची जी हानी, तीच आमच्या सुखाची सामग्री होती. तिचे कष्ट आमच्या सुखाच्या केवळ शेजारी नव्हते. दोन्ही एकाच कारणाची अपत्ये होती. अशा सुखास ‘संबंध काय’ असे म्हणून सुटता येणार नाही.

मग ते सुख सदोष ठरते काय? येथे एक दृष्टान्त उपयोगी पडेल. पित्याच्या मृत्यूने पुत्रास वारसा मिळतो. पुत्राचे घर, शेत, सुस्थिती ही सर्व त्या मृत्यूतून उत्पन्न होतात. तथापि एवढ्यावरून कोणी शहाणा मनुष्य पुत्रास दोषी मानीत नाही. पण ज्या दिवशी पुत्र पित्याच्या मरणाची इच्छा करू लागतो, किंवा मेलेला पिता परत येऊ नये असे त्यास मनातून वाटू लागते, त्या दिवशी वारसा तोच राहूनही पुत्र भ्रष्ट होतो. यावरून असे दिसते की, दुसऱ्याच्या हानीतून आपणांस लाभलेले सुख स्वतः निर्दोष असू शकते. त्याचा दोष इच्छेत उगवतो. ती हानी उद्या भरून निघाली आणि त्याबरोबर माझे सुख गेले, तर मला आनंद होईल की खेद, हीच त्या सुखाची कसोटी होय.

ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही, कारण सुखाचा स्वभाव मूळ धरण्याचा आहे. बंद पडलेल्या लोहमार्गांचे फिरण्याचे रस्ते करण्याची चाल पश्चिमेकडे आता चांगलीच रुळली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय आणि स्पार्टा या दोन गावांमधील सुमारे बत्तीस मैलांचा जुना मार्ग, त्यातील तीन बोगद्यांसह, 1967 साली अशा उपयोगासाठी खुला झाला, आणि तो या प्रकारच्या पहिल्या मार्गांत गणला जातो. इंग्लंडात 1963च्या बीचिंग अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्या काळी उखडलेल्या मार्गांपैकी कित्येकांवरून आज कुटुंबे मुलांसह आणि कुत्र्यांसह हिंडतात. स्पेनमध्ये 1993पासून अशा मार्गांस ‘हिरव्या वाटा’ असे नाव मिळाले. ही चाल वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पडीक राहण्यापेक्षा वाट चालती राहणे केव्हाही बरे. पण जेथे एके काळी गाडीची वाट पाहणारी माणसे उभी राहत तेथे आता बाके आणि फलक लागतात, आणि दुसऱ्या पिढीस गाडी कोणाची होती हे आठवतही नाही. ज्याच्या घरी मोटार होती त्याला तेथे एक उद्यान मिळाले. ज्याच्या घरी ती नव्हती त्याचे काय झाले, हे उद्यानाचा फलक सांगत नाही.

या दृष्टीने अमेरिकेने 1983 साली केलेली कायद्याची तरतूद मला विचार करण्यासारखी वाटते. तिचा आशय असा की, रेल्वेने सोडलेला मार्ग तुकडे होऊन नष्ट न होऊ देता तो अखंड राखून ठेवावा. तोवर लोकांनी त्यावरून चालावे, सायकली चालवाव्या. मात्र पुढे कधी गाडीची गरज भासल्यास तो पुन्हा गाडीस मिळावा. व्यवहाराच्या सोयीसाठी केलेल्या या नियमात एक नैतिक तत्त्व नकळत आले आहे. फिरणारा त्या वाटेचा मालक नसून तिचा विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेवीच्या झाडाखाली बसावे, त्याची सावली घ्यावी. परंतु धनी आला असता कुरकूर न करता उठावे. आपल्याकडे हे तत्त्व कायद्यात नसले तरी मनात बाळगण्यास कोणाची आडकाठी नाही.

आपणां शहरवासी सुशिक्षितांस याची विशेष आवश्यकता आहे असे मला वाटते. नॅरोगेज गाडी बंद झाली त्या वेळी तिच्याविषयी हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ होते, आणि त्यांत मीही होतो. तिची शीळ, तिचे डुलत जाणे, खिडकीतून हाताला लागतील इतकी जवळ असणारी झाडे यांची आठवण काढताना आमचा कंठ दाटून येई. परंतु आमच्यापैकी किती जण तिच्या भरवशावर रोज कामास जात होते? ज्याला ती रोजची होती त्याला तिची संथ चाल रम्य वाटत नसे. त्याला ती वेळेवर यावी आणि स्वस्त असावी एवढेच हवे होते. त्याला गाडी हवी, मग ती अडीच फुटांची असो की साडेपाच फुटांची. जुनी गाडी जुनी म्हणूनच राहावी असे म्हणणारा रसिक, आणि मार्ग बंद आहे तोवरच मौजेने फिरून घ्यावे असे म्हणणारा प्रवासी, हे दोघेही एकाच मोहाच्या दोन बाजूंस उभे आहेत; दुसऱ्याची गरज दोघांच्याही दृष्टीने देखाव्याचा भाग झालेली असते.

याच्या उलट टोकास असलेल्या योजकाचीही येथे गय करता येत नाही. ब्रॉडगेजवर गाडी अधिक वेगाने धावते, अधिक माल वाहते आणि देशाच्या इतर मार्गांशी थेट जोडली जाते. रुंदीकरण इष्ट आहे यात वादच नाही. पण जुनी गाडी बंद होणे आणि नवी सुरू होणे यांच्यामध्ये जी वर्षे जातात, ती नकाशावर दिसत नाहीत. ती कोणाच्या तरी पायांनी मोजली जातात. प्रगतीची किंमत सर्वांनी मिळून द्यावयाची असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिचा पहिला हप्ता, ज्याच्यापाशी दुसरे वाहन नाही तो, रोज पहाटे लवकर उठून भरीत असतो.

कुटुंब आणि कुत्रा यांसह केलेल्या चालण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याकडील वाचकास महाभारतातील महाप्रस्थानाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पाच भाऊ, द्रौपदी आणि मागोमाग आलेले एक कुत्रे अशी ती यात्रा. एकेक जण पडत गेला आणि धर्मराज मागे न पाहता चालत राहिला. स्वर्गाच्या दाराशी मात्र कुत्र्यास बाहेर ठेवून आत यावे असे इंद्राने म्हणताच तो अडून बसला. या कथेचा हा भाग सर्वांच्या तोंडी असतो. तिचा पुढील भाग त्या मानाने कमी सांगितला जातो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वर्गात गेल्यावर आपले भाऊ तेथे नाहीत असे पाहून, ते असतील तेथे मला न्या, असे तो म्हणाला. देवदूताने त्यास नरकाच्या वाटेने नेले. तेथील दुर्गंधीने व्याकूळ होऊन तो परत फिरला, तोच अंधारातून आवाज आले की, तुझ्या येण्याने आम्हांस गार वारा लागतो, क्षणभर थांब. ते आवाज कोणाचे हे कळल्यावर तो थांबला आणि परत जाण्याचे त्याने नाकारले. जो वाटेत मागे पाहत नव्हता तो येथे वळून उभा राहिला. स्वर्ग त्याच्या हातचा होता, तो त्याने वाईटही म्हटला नाही. परंतु ज्या सुखासाठी या आवाजांकडे पाठ करावी लागते ते सुख त्यास नको झाले.

धर्मराजाएवढा त्याग कोणी आपल्यापाशी मागत नाही. हिवाळ्याच्या एका सकाळी मुलाबाळांसह पाच किलोमीटर चालण्यात पातक नाही, आणि ते पुन्हा करण्यास मी कचरणार नाही. मागणी आहे ती पुष्कळ लहान आहे. वाटेवर भेटलेल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. त्याच्या कष्टास रम्य ग्रामजीवन असे नाव देऊन ते चित्रात बसवू नये. आपण आज जेथे मोकळेपणाने फिरलो तेथे उद्या गाडीची शिटी वाजली तर आपली जागा गेली असे न मानता कोणाचे तरी चालणे वाचले असे मानावे. आणि जेव्हा केव्हा एखादा मार्ग, एखादी गाडी, एखादी फेरी बंद करण्याचा विषय आपल्या कानांवर येईल, तेव्हा मधल्या काळात त्या गावांची सोय काय, एवढा प्रश्न तरी विचारण्याची तसदी घ्यावी. असा प्रश्न विचारण्यासाठी अधिकारपद लागत नाही. पत्र लिहिता येणाऱ्या मनुष्यास तो विचारता येतो, आणि पत्र लिहिता येणे हाच आपला आणि त्या बाईचा एक मोठा भेद आहे.

मुलांस निसर्ग दाखवण्यासाठी आपण त्यांस बाहेर नेतो, ते योग्यच आहे. त्यांनी पाखरांची नावे शिकावी, पिके ओळखावी, मोऱ्यांतून वाहणारे पाणी पाहावे. त्याबरोबरच, आपण ज्या वाटेने आलो ती वाट कोणी पाडली आणि अजूनही तिने कोण कशासाठी जाते, हेही त्यांनी विचारून घ्यावे. एवढे विचारूनही ज्याचा आनंद टिकतो, त्याने तो खुशाल भोगावा.